मधल्या खोलीला उजेड: किती खर्च, कशावर आणि आधी काय

नागपूरच्या नंदनवनात भर दुपारी ट्यूबलाइट लावून बसावं लागणारी घरं पुष्कळ आहेत. बाहेरच्या उन्हाकडे बघवत नाही आणि आत मधल्या खोलीत तांदूळ निवडायलाही दिवा लागतो. इथले बरेच प्लॉट रुंदीला कमी, लांबीला जास्त. समोर बैठक, मध्ये एक-दोन खोल्या, मागे स्वयंपाकघर, आणि बाजूला शेजाऱ्याची भिंत किंवा जेमतेम माणूस जाईल एवढी सांदवाडी. पूर्वी सगळी घरं बैठी होती तेव्हा वरून उजेड यायचा. मग आपण एक मजला चढवला, शेजाऱ्यांनी दोन चढवले, आणि तळमजल्याचा उजेड गेला. त्या खोलीत बहुधा आजी-आजोबा असतात, नाहीतर दहावीचा अभ्यास चाललेला असतो. म्हणून हा विषय मला नुसत्या सजावटीचा वाटत नाही.

घर उजळायचं ठरलं की पहिलं बोलावणं जातं फॉल्स सीलिंगवाल्याला. साध्या पीओपी-जिप्समच्या कामाला चौरस फुटामागे ८० ते १०० रुपये धरले, तर १० बाय १२ च्या खोलीला १० ते १२ हजार लागतात, दिव्यांचे पैसे वेगळे. बदल्यात छत अर्धा फूट खाली येतं आणि दिवसा खोली होती तेवढीच अंधारी राहते. तेवढ्याच पैशांत ती खोली दिवसाही उजळू शकते. फक्त खर्चाचा क्रम बदलायला हवा: आधी अडलेला उजेड मोकळा करायचा, मग आत आलेला उजेड भिंतींनी परतवायचा, आणि दिवे सगळ्यांत शेवटी घ्यायचे.

खाली दिलेले भाव साध्या, मध्यम प्रतीच्या मालाचे ढोबळ अंदाज आहेत. ब्रँड आणि दुकान बदललं की पंधरा-वीस टक्के इकडेतिकडे होणारच. दोन दुकानांत विचारल्याशिवाय पैसे देऊ नका.

खिडकीतला कूलर

राष्ट्रीय बांधकाम संहितेत उष्ण आणि कोरड्या हवेच्या भागासाठी एक साधं माप आहे: खोलीच्या जमिनीच्या निदान एक-दशांश एवढी खिडकी-झरोक्याची मोकळी जागा हवी. १० बाय १२ ची खोली म्हणजे १२० चौरस फूट. तिला १२ चौरस फूट, म्हणजे ३ बाय ४ ची एक खिडकी लागते. एवढी खिडकी आपल्याकडे बहुतेक घरांत असते. पण तिच्यात कूलर बसवलेला असतो. निम्मी खिडकी कूलरने जाते, उरलेल्या फटी प्लाय, पुठ्ठा नाहीतर थर्माकोलने बुजवलेल्या. कूलर चालतो मार्चच्या अखेरीपासून पाऊस येईपर्यंत. उरलेले आठ-नऊ महिने ती खिडकी विनाकारण आंधळी राहते.

पाऊस सुरू झाला की कूलर खाली उतरवा. दोन माणसांची मजुरी ४०० ते ५०० रुपये. त्याच वेळी ताट्या काढून वाळवा आणि टाकी कोरडी करून ठेवा. साचलेल्या पाण्यात डेंग्यूचे डास होतात, ती चिंताही मिटते. दरवर्षी चढव-उतर नको असेल तर चाकांचा लोखंडी स्टँड करून घ्या. फॅब्रिकेशनच्या दुकानात कूलरच्या मापाने दीड ते दोन हजारांत होतो. हंगाम संपला की कूलर ढकलून बाजूला, खिडकी मोकळी. कूलर हलवणं शक्यच नसेल तर निदान भोवतीचा प्लाय काढून तिथे पारदर्शक पॉलिकार्बोनेट शीट लावा. चौरस फुटाला ६० ते ८० रुपये, सहा फुटांना पाचशेच्या आत. हवा अडते, उजेड अडत नाही. सबंध यादीतला पैशाचा सर्वांत चांगला उपयोग मला हाच वाटतो.

तीच गत रोशनदानाची. धूळ येते, कबुतरं येतात म्हणून कधीतरी त्यात पुठ्ठा कोंबला जातो आणि तो तिथेच राहतो. तो काढून साधी ४ मिलिमीटरची काच बसवा. काच आणि मजुरी धरून एका रोशनदानाला ३०० ते ४०० रुपये. छताजवळून येणारा उजेड खोलीत खोलवर पोचतो, त्यामुळे एवढ्याशा काचेचाही फरक जाणवतो. मच्छरदाणीची जाळी धुळीने भरली असेल तर ती काढून साबणाच्या पाण्याने धुवा. हे फुकटचं काम आहे आणि बहुतेक घरांत ते वर्षानुवर्षं राहून गेलेलं असतं.

पडद्यांबद्दल नागपूरकरांची अडचण खरी आहे. नवतपात खिडकी उघडी टाकून चालत नाही. म्हणून सरसकट जाड, गडद पडदे लागतात आणि हिवाळ्यातही तेच लटकत राहतात. त्यापेक्षा दोन दांड्या लावा. एकीवर पांढरा किंवा मोतिया पातळ सुती पडदा, दुसरीवर जाड. जाड पडद्याला खिडकीच्या बाजूने पांढरं अस्तर असू द्या, म्हणजे ऊन तिथूनच परत फिरतं. गांधीबागेच्या कापडबाजारात पातळ पडद्याचं कापड मीटरला १०० ते १५० रुपयांत मिळायला हरकत नाही. शिलाई आणि दांडी धरून एका खिडकीला बाराशे-पंधराशे. ऊन अडवायचं तर खरं म्हणजे काचेच्या बाहेरच अडवावं. बाहेर लावलेली हिरवी जाळी हे काम करते, पण घरात हिरवट अंधार पसरवते आणि पावसाळ्यातही कोणी ती सोडत नाही. गुंडाळता येणारी बांबूची चिक सकाळी वर, दुपारी खाली करता येते. चौरस फुटाला ५० रुपयांच्या आसपास.

सांदवाडीची भिंत

मधल्या खोलीच्या खिडकीतून आकाश दिसत नाही, समोरची भिंत दिसते. तिला लागून आलेला उजेडच आपल्या खोलीत येतो. ती भिंत पावसाने काळी पडलेली, शेवाळलेली असेल तर ती जवळजवळ सगळा उजेड पिऊन टाकते. पांढरी केली तर तोच उजेड खिडकीत परत येतो.

खिडकीसमोरचा १० बाय १० चा भाग पुरे. तारेच्या ब्रशने शेवाळ खरवडायचं, ब्लीचिंग पावडरच्या पाण्याने धुवायचं, दोन दिवस वाळू द्यायचं आणि बाहेरच्या कामाच्या पांढऱ्या रंगाचे दोन हात मारायचे. दोन लिटर रंग पाचशे-सहाशेचा, अर्ध्या दिवसाची मजुरी चारशे. म्हणजे हजार रुपये. भिंत शेजाऱ्यांची असेल तर आधी विचारा. आपल्या खर्चाने त्यांची भिंत स्वच्छ होत असेल तर नाही म्हणणारा क्वचितच भेटेल. सांदवाडीत रचलेली जुनी फरशी, मोडक्या खुर्च्या, रिकामे डबे उचलायला भंगारवाला उलट पैसे देईल.

नाग नदीच्या बाजूच्या वस्त्यांत आणि वाठोड्यासारख्या जुन्या गावठाणांत अजून पत्र्याची, कवेलूची घरं आहेत. तिथे उजेड वरून घेता येतो. पत्र्याचं छत असेल तर एका पत्र्याच्या जागी पारदर्शक पॉलिकार्बोनेटचा पत्रा बसवा. साडेतीन बाय सहाचा पत्रा बाराशे ते पंधराशेला, मजुरी वेगळी. स्वस्त फायबरचा घेऊ नका, तो काही उन्हाळ्यांत पिवळा पडतो. अतिनील किरणांपासून संरक्षण देणारा थर आहे का ते विचारून घ्या. आणि तो उत्तरेच्या उतारावरच लावा. दक्षिणेला किंवा पश्चिमेला लावलात तर मे महिन्यात त्या जागेखाली बसता येणार नाही.

रंग: इथे थोडं थांबून विचार करा

पांढरी भिंत तिच्यावर पडलेल्या उजेडापैकी साधारण ८० टक्के परत फेकते, फिकट मोतिया सत्तरच्या आसपास. मध्यम निळी किंवा हिरवी भिंत चाळिशीच्या खाली येते आणि गडद तपकिरी तर दहाच्याही खाली. आपल्या जुन्या घरांत खालचा तीन फुटांचा ऑइल पेंटचा पट्टा नेमका तपकिरी किंवा गडद हिरवा असतो, भिंतीला हात लागून मळू नये म्हणून. पट्टा ठेवा, पण फिकट राखाडी किंवा बदामी करा. धुता येतो हे महत्त्वाचं. आणि सगळ्यात आधी छत पांढरं करा. रंगाला पैसे कमी असतील तर भिंती राहू द्या आणि एकटं छत करा.

हिशेब असा. १० बाय १२ ची, १० फूट उंचीची खोली: चार भिंती ४४० चौरस फूट, दार-खिडकी वजा जाता ४००, छत १२०, एकूण ५२०. दोन हातांसाठी लिटरमागे १०० ते १२० चौरस फूट धरा. डब्यावर जास्त लिहिलेलं असतं, पण तो आकडा गुळगुळीत भिंतीचा. म्हणजे ५ लिटर. साध्या इमल्शनला हजाराच्या आसपास, त्यावरच्या धुता येणाऱ्या प्रतीला सोळाशे ते अठराशे. प्रायमर पाचशे. भिंत चांगली असेल तर पेंटरची दोन-अडीच दिवसांची मजुरी, दिवसाला ८०० ने दोन हजार. साधारण साडेतीन-चार हजारांत खोली होते. पुट्टी करायची तर ४० किलोची पिशवी नऊशे-हजाराला, आणि घासकाम धरून मजुरीचे दिवस दुप्पट होतात; मग सात हजार धरा.

दोन ठिकाणी पैसे वाया जातात. फोडणीचा आणि उदबत्तीचा धूर बसलेल्या भिंतीवर तसाच रंग मारला तर तो पापुद्र्यांनी निघतो. आधी धुण्याच्या सोड्याने पुसून घ्या. दुसरं, ओल. पाइप गळत असेल किंवा जोत्यातून ओल चढत असेल तर ती थांबेपर्यंत रंगाला एक रुपयाही घालू नका.

मातीच्या किंवा कच्च्या विटांच्या जुन्या भिंतीला प्लास्टिक रंग नकोच. आतली दमट हवा कोंडते आणि रंग फुगतो. तिला चुनाच द्या. चुना रात्रभर भिजवून गाळायचा, थोडा डिंक, चिमूटभर नीळ, आणि ताकासारखा पातळ करून तीन हात. ओला असताना तो पाण्यासारखा दिसतो आणि घरातली माणसं म्हणतात की काहीच लागलं नाही. घट्ट करू नका, वाळू द्या. दुसऱ्या दिवशी भिंत लख्ख पांढरी दिसते. खोलीला सामान तीनशे ते पाचशेचं. काम करताना डोळ्यांना चष्मा आणि हातात मोजे हवेतच, चुना भाजतो.

सागवानी दारं, खांब, सर यांना मात्र कृपा करून रंग फासू नका. काजळी धुऊन पारदर्शक वार्निश किंवा उकळलेल्या जवसाच्या तेलाचा हात द्या. भिंती पांढऱ्या झाल्या की तेच लाकूड उठून दिसतं.

रंगकाम काढायची वेळ दिवाळीनंतर ते फेब्रुवारी. भिंती कोरड्या असतात, पेंटरकडे वेळ असतो. महालक्ष्म्यांच्या आणि दिवाळीच्या तोंडावर मजुरी चढते आणि काम घाईत उरकलं जातं.

मग दिवे

२० वॉटची एलईडी ट्यूब साधारण २००० ल्युमेन उजेड देते. जुना ६० वॉटचा बल्ब सातशेच्या आसपास द्यायचा. खोक्यावर वॉट बघू नका, ल्युमेन बघा. ट्यूब अडीचशे-तीनशेला. जुनी चोकवाली ट्यूब चोकसकट ५० वॉट खाते. दिवसाला ८ तास धरले तर महिन्याला सात युनिट वाचतात. युनिट सरासरी १० रुपयांनी धरलं तर सत्तर रुपये. चार महिन्यांत किंमत वसूल.

एकच झगझगीत दिवा छताला लावण्यापेक्षा दोन भिंतींवर दोन लावा. पंख्याच्या पात्यांच्या वर दिवा असेल तर खोलीभर सावल्या फिरतात आणि वाचताना डोळे शिणतात. अभ्यासाच्या आणि स्वयंपाकाच्या जागी ४००० ते ६५०० केल्विनचा पांढरा, निजायच्या खोलीत ३००० चा उबदार.

आरसा खिडकीसमोरच्या भिंतीवर उपयोगी पडतो, पश्चिमेची खिडकी सोडून. २ बाय ४ चा आरसा कडा घासून आठशे ते हजारापर्यंत. जमीन काळसर शहाबादी असेल तर ती उखडू नका. फिकट चटई किंवा विनाइल मॅट अंथरा, चौरस फुटाला २० ते ४० रुपये.

भाड्याने राहणाऱ्यांना, म्हणजे केडीके कॉलेजच्या आसपासच्या विद्यार्थ्यांना, हे सगळं करायची गरज नाही. जाळी धुणं, रोशनदान उघडणं, पातळ पडदा, एक ट्यूब. दोन हजारांच्या आत होतं, आणि पडदा, ट्यूब खोली सोडताना बरोबर नेता येतात.

एवढं करूनही खोली अंधारीच राहिली तर नवीन खिडकीचा विचार करा. भिंत फोडणं, लिंटेल, ग्रिल, काच धरून १० ते १५ हजार. जुन्या घरात विटांच्या भिंतीच छत पेलतात, म्हणून इंजिनिअरला दाखवल्याशिवाय घण मारू देऊ नका. शेजाऱ्याच्या हद्दीला लागून असलेल्या भिंतीत खिडकी काढण्याआधी नियम बघा आणि लेखी परवानगी घ्या. आणि जुनी खिडकी असेल तर ती विटांनी बुजवण्यापूर्वी हे लक्षात घ्या की १८८२ च्या सुविधाधिकार कायद्याप्रमाणे सलग २० वर्षं विनाहरकत मिळत आलेल्या उजेडावर घरमालकाचा हक्क तयार होऊ शकतो. शेजारी नवीन बांधकाम सुरू होताना हे माहीत असावं, आणि त्या खिडकीचे तारखेसकट फोटो काढून ठेवलेले असावेत.