काचपेटींतील तळें

रंगीत मासे घरीं पाळण्याची हौस विद्यार्थ्यांत फार. मुंबईस मरीन ड्राइव्हवर १९५१ सालीं तारापोरवाला मत्स्यालय उघडलें, त्यानंतर कोंकणांतून मुंबईस गेलेल्या कित्येकांनीं तेथील काचेआडचे मासे पाहिले आणि ती हौस आपल्याबरोबर गांवीं आणली. परंतु या हौसेचा शेवट बहुधा एकाच प्रकारें होतो. बाजारांतून काचेचें गोल भांडें येतें, प्लास्टिकच्या पिशवींतून चार सोनेरी मासे येतात, आणि पंधरा दिवसांच्या आंत ते एकामागून एक उलटे होऊन वर तरंगूं लागतात. वडील म्हणतात, पैसे पाण्यांत गेले. मूल समजतें, मासे नाजुक असतात. आमच्या मतें दोन्ही अनुमानें चुकीचीं आहेत. मासे आणण्यांत घाई झाली, एवढेंच खरें. काचपेटींत मासे सर्वांत शेवटीं सोडावयाचे असतात. आणि जो हा क्रम पाळील त्याला पंप, गाळणी, औषधें यांपैकीं फारसें कांहीं विकत घ्यावें लागत नाहीं.

हा क्रम समजण्यासाठीं थोडें मागें जाऊं. १७७१ सालीं इंग्लंडांत प्रीस्टले यांनीं, मेणबत्ती जळून विटलेली बंद भांड्यांतील हवा पुदिन्याच्या रोपानें पुन्हां शुद्ध होते, असें पाहिलें. १७७९ सालीं इंगेनहाउझ यांनीं दाखविलें कीं, हें कार्य वनस्पतींचा हिरवा भाग उजेडांतच करतो. पाण्यांत बुडालेल्या पानांवर उन्हांत जे बुडबुडे दिसतात ते प्राणवायूचेच होत. पुढें १८४९ सालीं लंडनचे रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनीं बारा गॅलनांच्या एका काचपात्रांत दोन लहान सोनेरी मासे आणि व्हॅलिस्नेरिया नांवाची पाणवनस्पति ठेवली. प्रथम सर्व ठीक चाललें. परंतु वनस्पतीचीं जुनीं पानें कुजून पाणी गढूळ होऊं लागलें. तेव्हां त्यांनीं तळ्यांतील पांच-सहा गोगलगायी आणून सोडल्या. त्यांनीं कुजकीं पानें खाऊन टाकलीं आणि पाणी पुन्हां निवळलें. १८५० सालीं त्यांनीं हा प्रयोग प्रसिद्ध केला. विजेचा पंप नाहीं, गाळणी नाहीं. वनस्पति, मासा आणि गोगलगाय हे तिघे एकमेकांचें ऋण फेडीत राहिले.

वॉरिंग्टन यांस न दिसलेला चौथा भागीदारही त्या पात्रांत होता, आणि नवशिक्याचे मासे मरतात ते त्याच्याच अभावीं. माशाच्या कल्ल्यांतून अमोनिया सतत पाण्यांत उतरत असतो. उरलेलें अन्न कुजूनही तोच तयार होतो. हें माशाला विष आहे. वाळूवर, मातींत व पानांवर राहणाऱ्या सूक्ष्म जंतूंची एक जात या अमोनियाचें नायट्राइट करते, आणि दुसरी जात त्या नायट्राइटाचें नायट्रेट करते. नायट्राइटही विषारीच, नायट्रेट मात्र बरेंच सौम्य असून तें वनस्पतींचें खाद्य होय. शेतांतील मातींतही हेंच चालतें. रशियन शास्त्रज्ञ विनोग्राड्स्की यांनीं १८९० च्या सुमारास हे जंतु वेगळे करून दाखविले. नव्या पेटींत त्यांची पुरेशी वसाहत होण्यास चार ते सहा आठवडे लागतात. पहिल्याच दिवशीं मासे सोडले तर त्यांना आपल्याच मळांत राहावें लागतें. आणि जें घर दर आठवड्यास भांडें रिकामें करून वाळू साबणानें घासतें, तें या उपकारक जंतूंना दर आठवड्यास नाहींसें करतें. अतिस्वच्छता येथें घातक ठरते, हें आमच्या गृहिणींस पटविणें कठीण आहे खरें!

आतां प्रत्यक्ष कृतीकडे वळूं. पेटी ६० सेंटिमीटर लांब, ३० रुंद व ३० उंच असावी. तिचें माप ५४ लिटर भरतें, म्हणजे जवळजवळ वॉरिंग्टन यांचेच बारा गॅलन. याहून लहान भांडें स्वस्त पडतें, परंतु पाणी जितकें थोडें तितकें तें लवकर बिघडतें आणि लवकर तापतें. भरलेल्या पेटीचें वजन साठ किलोंच्या वर जातें, म्हणून ती डुगडुगणाऱ्या मेजावर ठेवूं नये. पूर्वेच्या खिडकीजवळ, सकाळचें कोंवळें ऊन दोन तास मिळेल अशी जागा उत्तम. तशी जागा नसेल तर एक साधा एलईडी दिवा रोज आठ तास पुरे. पाणी तापविण्याचें यंत्र थंड देशांसाठीं असतें; माणगांवच्या हवेंत त्यावर पैसा घालविणें व्यर्थ.

तळाशीं दोन बोटें जाडीचा मातीचा थर द्यावा. दुकानांत याच कामाची माती डब्यांतून विकतात; आपल्याकडे ती खाचराच्या बांधावर फुकट मिळते. मात्र युरिया किंवा कीटकनाशक पडलेली माती घेऊं नये, कारण युरियापासून पाण्यांत पुन्हां अमोनियाच होतो. माती चाळून, मुळ्या व काड्या काढून ओली करून पसरावी. तिच्यावर तेवढाच थर जाड्या रेतीचा. एक घमेलें रेती पुरते. ती पाणी निवळ येईपर्यंत धुवावी. श्रीवर्धन-दिवेआगरची समुद्राची वाळू दिसण्यास सुंदर, पण तींत मीठ व शिंपल्यांचा चुरा असतो. शंका असल्यास चिमूटभर वाळूवर लिंबू पिळावें. फेंस आला तर ती चुनायुक्त समजावी. मातीवर लावलेल्या अशा पेटीचा शास्त्रीय ऊहापोह डायाना वॉलस्टॅड या अमेरिकन बाईंनीं १९९९ सालीं ग्रंथरूपानें केला आहे.

रेतीवर एक बशी ठेवून तिच्यावर बारीक धारेनें पाणी सोडावें, म्हणजे माती ढवळत नाहीं. नळाच्या पाण्यांत क्लोरीन असतो. तें पसरट भांड्यांत एक दिवस उघडें ठेवून मग घ्यावें. पावसाळ्यांत विहिरींत जंतुनाशक पूड टाकलेली असेल तर हीच काळजी घ्यावी.

वनस्पति पहिल्याच दिवशीं लावाव्या, आणि हात आंखडूं नये. निदान अर्धा तळ झांकला पाहिजे. ओढ्यांच्या डबक्यांत व संथ पाण्यांत ज्यांना आपण सरसकट शेवाळ म्हणतों, त्यांत हायड्रिला, व्हॅलिस्नेरिया अशा पुष्कळ चांगल्या जाती असतात. हायड्रिलाचीं बारीक पानें कांडीभोंवतीं चक्राकार येतात. व्हॅलिस्नेरियाचीं पानें फितीसारखीं लांब असतात. मुलांनीं मात्र त्या आणण्यासाठीं एकट्यानें पाण्यांत उतरूं नये. वडील माणूस बरोबर असावें. घरीं आणल्यावर पोटॅशियम परमँगनेटच्या फिकट गुलाबी पाण्यांत दहा मिनिटें बुडवून धुवाव्या, नाहींतर जळवा आणि चतुरांच्या अळ्या पाहुण्या म्हणून येतात. चतुराची अळी लहान मासे पकडून खाते.

यानंतर वाट पाहावयाची. पहिल्या आठवड्यांत पाणी दुधाळ होईल, कांहीं पानें पिवळीं पडतील, घाबरूं नये. दोन-तीन गोगलगायी सोडाव्या. चार आठवड्यांनीं नवीं पानें जोमानें फुटूं लागलीं, म्हणजे प्रथम दोनच मासे आणावे, आणि दहा दिवसांनीं आणखी चार.

मासे कोणते? आरंभीं गप्पी. हें नांव गप्पांवरून पडलेलें नाहीं. त्रिनिदाद बेटांतील गप्पी नांवाच्या गृहस्थांवरून पडलें आहे. हिंवताप व डेंग्यू पसरविणाऱ्या डासांच्या अळ्या हा मासा खातो, म्हणून आरोग्य खातें त्याची पैदास करतें. प्राथमिक आरोग्य केंद्रांत चौकशी केल्यास तो पुष्कळदां विनामूल्य मिळतो. मादी सुमारें चार आठवड्यांनीं जिवंत पिल्लें देते, त्यामुळें संख्या भराभर वाढते. ज्यांना हा पसारा नको त्यांनीं रंगीत शेपटीचे नरच घ्यावे. खाणें दिवसांतून एकदां, दोन मिनिटांत संपेल इतकेंच. आठवड्यास चौथाई पाणी बदलावें, व काढलेलें पाणी तुळशीला किंवा जास्वंदीला घालावें. त्यांत नायट्रेट असल्यामुळें तें उत्तम खत आहे.

वीज गेली म्हणून ही पेटी मरत नाहीं, हा तिचा मोठा गुण. परंतु रात्रीं वनस्पतीही प्राणवायु घेतात, म्हणून गर्दी झालेल्या पेटींत पहांटे मासे पृष्ठभागीं येऊन धापा टाकतांना दिसतात. उन्हाळ्यांत हें अधिक घडतें. वीस अंश सेल्सिअसच्या पाण्यांत लिटरमागें सुमारें ९ मिलिग्रॅम प्राणवायु विरघळूं शकतो, तीस अंशांवर साडेसातच. एप्रिल-मे महिन्यांत झांकण काढून वर जाळी ठेवावी, पेटीभोंवतीं ओलें फडकें गुंडाळावें आणि मासे थोडेच असूं द्यावे.

पावसाळ्यांत हायड्रिला इतकी वाढते कीं दर पंधरवड्यास कापावी लागते. कापलेल्या फांद्या काळ नदींत किंवा गटारांत टाकूं नयेत. दक्षिण अमेरिकेंतून शोभेसाठीं आणलेल्या जलपर्णीनें आपलीं तळीं कशीं गिळलीं, हें सर्वांस ठाऊक आहे. उलट हीच आपली हायड्रिला १९५० नंतरच्या दशकांत मत्स्यपेट्यांच्या व्यापारांतून अमेरिकेंतील फ्लोरिडा प्रांतांत गेली आणि तेथील सरोवरें तिनें भरून टाकलीं. फांद्या उन्हांत पुरत्या वाळवून खताच्या खड्ड्यांत टाकाव्या. गप्पींचीं पिल्लें जास्त झालीं तर तीं नदींत न सोडतां एखाद्या वर्गमित्रास द्यावीं. मात्र त्याची पेटी महिनाभर आधीं भरलेली आहे ना, हें अगोदर विचारून घ्यावें.