घरच्या घरी अंतराळवीराचा पोशाख
(कृतिपाठ : मुलांनी आणि पालकांनी मिळून करण्यासाठी)



फाशिंगच्या दिवशी तुमच्यापैकी कोणी समुद्री चाचा होतो, कोणी परी, कोणी अग्निशामक दलाचा जवान. आमच्या घरी तिसरीतला एक मुलगा आहे. तो दरवर्षी अंतराळवीरच होतो. याने, परग्रह आणि विज्ञानकथा हेच त्याचे जग. गेल्या वर्षी दुकानातून आणलेला पोशाख पहिल्याच दिवशी गुडघ्यावर फाटला. म्हणून यंदा मी म्हटले, "आपण घरीच करू." तो जरा वेळ गप्प राहिला आणि मग म्हणाला, "बाबा, आपल्याकडे पैसे नाहीत का?"

याचे नीटसे उत्तर मला तेव्हा सुचले नाही. मी नुसतेच म्हटले, "करून तर बघू."

जर्मनीत प्रत्येक मोटारीत प्रथमोपचाराची पेटी ठेवावीच लागते. आमच्या पेटीची मुदत संपली होती. नवी पेटी गाडीत ठेवली आणि जुनी उघडली. तिच्यात घडी घालून ठेवलेली चादर निघाली. एका बाजूने चंदेरी, दुसऱ्या बाजूने सोनेरी. लांबी 210 सेंटिमीटर, रुंदी 160. आमचे चिरंजीव ओरडलेच, "हे तर खरं यानाचं कापड!"

मी दिवसभर संगणकावर 'कट' आणि 'पेस्ट' करणारा माणूस. मुलालाही तेच सांगत होतो, "हे कट कर, ते फोल्ड कर." सुईदोरा घेऊन एक बाही शिवली. त्याने हात घातला आणि टाक्यांच्या रेषेवरच चादर टर्रकन फाटली. सुईच्या भोकांची रांग झाली की पोस्टाच्या तिकिटासारखे होते. ओढले की तिथेच तुटते. इंजिनिअरला हे आधी कळायला हवे होते!

शेवटी साताऱ्याला आईला फोन लावला. ती हसली. "अरे, एवढ्या पातळ कागदात टाका कसा टिकेल? आधी अस्तर लाव. आणि त्याला दे फोन, तुला नाही जमायचं." मग आजी आणि नातू तासभर बोलत होते. तिने सांगितलेली कृती अशी :

साहित्य : जुनी चादर, एक माप मोठा जुना टी-शर्ट, रुंद कापडी चिकटपट्टी, सुईदोरा, कपड्यांचे चिमटे, शाम्पूच्या दोन रिकाम्या बाटल्या, जुन्या पिशवीचे बंद.

कृती :
1. टी-शर्ट पुढून मधोमध सरळ कातरा, म्हणजे तो जाकिटासारखा उघडेल. टी-शर्ट ताणतो, चादर ताणत नाही. डोक्यातून घालायला गेलात तर ती फाटणारच. हा टी-शर्ट म्हणजे आपले अस्तर.
2. चादरीवर टी-शर्ट पसरा. कडेने दोन बोटे जागा सोडून रेघ आखा आणि कातरा.
3. जिथे टाका येणार, तिथे आधी चिकटपट्टी लावा. आता ओढ एका भोकावर न येता सगळ्या पट्टीवर वाटली जाते.
4. टाचण्या लावू नका, त्यांचीही भोके पडतात. चिमट्यांनी धरा आणि लांब लांब धावदोरा घाला. टाका लांब, तितकी भोके कमी.
5. प्राणवायूच्या टाक्यांसाठी शाम्पूच्या बाटल्या एकमेकींना चिकटवा आणि त्यांना पिशवीचे बंद लावा. पाण्याच्या बाटल्या घेऊ नका. दोन बाटल्यांचे 50 सेंट फांड बुडते!

सावधान : ही चादर नाका-तोंडावर घ्यायची नाही आणि मेणबत्तीजवळ न्यायची नाही. धाकट्या भावंडांच्या हातीही एकटी द्यायची नाही.

आमचा एकूण खर्च झाला चिकटपट्टीचा.

चादर चकाकते का?

ती म्हणजे केसाहून पातळ प्लास्टिक आणि त्यावर अ‍ॅल्युमिनियमचा अगदी तलम थर. हा थर उष्णतेचे किरण आरशासारखे परतवतो. थर्मासच्या आतला चकचकीतपणा त्याचसाठी असतो. अंतराळात हवा नाही, तेव्हा सूर्याची उष्णता किरणांनीच येते. म्हणून यानांना अशा पातळ थरांचे पांघरूण घालतात. 23 ऑगस्ट 2023 रोजी चांद्रयान-3 चे 'विक्रम' चंद्रावर उतरले, त्याच्या अंगावरचे सोनेरी पांघरूण तुम्ही चित्रात पाहिले असेल. त्या मोहिमेत यानाशी संपर्क ठेवायला युरोपीय अंतराळ संस्थेने मदत केली होती. तिचे नियंत्रण केंद्र आपल्या शेजारच्या डार्मस्टाटला आहे.

टाकाऊ वस्तूंतून विज्ञान शिकण्याची वाट आपल्याकडे अरविंद गुप्ता यांनी दाखवली. आयआयटी कानपूरचे हे इंजिनिअर. आगकाड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी यांपासून त्यांनी मुलांसाठी नाना आकृत्या बनवल्या. पुढे पुण्याच्या 'आयुका'तील मुलांच्या विज्ञानकेंद्रात त्यांनी अनेक वर्षे काम केले. 2018 साली त्यांना पद्मश्री मिळाली. 'आयुका'चे संस्थापक संचालक डॉ. जयंत नारळीकर स्वतः मराठीत विज्ञानकथा लिहीत. कल्पनेच्या भराऱ्या आणि आगकाड्यांची खेळणी एकाच आवारात नांदली, हे मला फार आवडते.

फाशिंगच्या दुपारी आमचा अंतराळवीर शाळेतून आला. काखेत चिकटपट्टीचे दोन नवे तुकडे होते. मी म्हटले, "फाटला ना शेवटी?"

"फाटला नाही, बाबा. उसवला," तो म्हणाला. "कापड फाटतं, शिवण उसवते. आजीने सांगितलंय. मी चिकटवलं, आता घरी टाका घालू."

दुकानातला पोशाख फाटला तेव्हा तो रडला होता. हा उसवला तर त्याने दुरुस्त केला, कारण आत काय आहे ते त्याला माहीत होते. त्याच्या त्या प्रश्नाचे उत्तर मला आता सापडले आहे. आणि 'उसवणे' हा शब्द? तो मी कित्येक वर्षांत उच्चारलाही नव्हता. माझ्याकडून तो त्याला कसा मिळणार होता? पालकहो, मुलांबरोबर हाताने काही करायला बसा. ही क्रियापदे कामाबरोबरच येतात.

शब्दार्थ
अस्तर : कपड्याला आतून लावलेले कापड
धावदोरा : सुई खाली-वर करत घातलेली सरळ शिवण
टाका : सुईने घातलेला एक फेरा
कातरणे : कात्रीने कापणे
उसवणे : शिवण सुटणे

स्वाध्याय
1. टाके लांब का घालायचे?
2. 'फाटणे' आणि 'उसवणे' यांतला फरक तुमच्या वाक्यांत सांगा.
3. सुरीने फळ कापतो, विळीवर भाजी चिरतो, कात्रीने कागद कातरतो. अशी आणखी तीन क्रियापदे आजी-आजोबांना फोन करून विचारा आणि पुढच्या शनिवारी वर्गात सांगा.