फोनवरचा फीडबॅक

मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले, तेव्हा शुद्धलेखनाच्या चुका पोटात घाला. पण विषय माझ्या आत्याचा आहे, आणि आत्याशी मी मराठीतच बोलते.

आत्या कासूला राहते. पेण आणि नागोठण्याच्या मधलं गाव. गेल्या वर्षी मुंबईत तिचं स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन, केमो, रेडिएशन सगळं पार पडलं. डॉक्टर म्हणाले, "आता तीन महिन्यांनी या." घरी आल्यावर जो तो सांगू लागला, "उठू नकोस, हात हलवू नकोस." आत्या खाटेवर बसून राहिली आणि खांदा आखडला.

आपल्या कंट्रोल सिस्टिम्सच्या भाषेत हा ओपन लूप. इनपुट दिला, आउटपुट कोणी मोजलाच नाही.

मग हॉस्पिटलच्या फिजिओथेरपिस्ट मॅडम दर आठवड्याला फोन करू लागल्या. त्या म्हणाल्या, "रोज रस्त्याने चाला." आत्या म्हणाली, "अहो मॅडम, आमचा रस्ता म्हणजे मुंबई-गोवा हायवे!" मग ठरलं, अंगणातच घड्याळ लावून दहा मिनिटं, पुढे हळूहळू वाढवायचं. जेवणात भाकरी सोडायची नाही, डाळ, भाजी, मासळी वाढवायची. मिश्री मात्र कायमची बंद. हातासाठी भिंतीवर बोटं वर वर चढवायची आणि जिथे पोचतील तिथे खडूने खूण करायची.

एका आठवड्यात खूण खाली आली. मॅडमनी खोदून विचारलं तेव्हा कळलं, हात सुजला होता आणि आत्या कोणाला बोलली नव्हती. काखेतल्या गाठी काढल्यावर अशी सूज येऊ शकते. लवकर कळली तर आटोक्यात ठेवता येते. मॅडमनी लगेच डॉक्टरांकडे पाठवलं. क्लोज्ड लूप म्हणतात तो हाच!

याला अभ्यासाचाही आधार आहे. 2009 साली अमेरिका, कॅनडा आणि ब्रिटनमधल्या 641 जणांवरचा प्रयोग प्रसिद्ध झाला. सगळे 65 च्या पुढचे, कॅन्सरमधून बरे झालेले. ज्यांना वर्षभर फोनवरून आणि टपालाने मार्गदर्शन मिळालं, त्यांची हालचालीची ताकद इतरांपेक्षा कमी घटली. 2025 साली मोठ्या आतड्याच्या कॅन्सरच्या 889 रुग्णांचा अभ्यास आला. अर्ध्यांना नुसती माहितीची पुस्तिका, अर्ध्यांना पुस्तिकेबरोबर तीन वर्षं व्यायामाचं मार्गदर्शन, समोरासमोर किंवा व्हिडिओवरून. आठ वर्षांनी जगण्याचं प्रमाण पुस्तिकावाल्यांत सुमारे 83 टक्के, मार्गदर्शनवाल्यांत 90 टक्के. प्रत्येक कॅन्सरला हेच आकडे लागू होतील असं नाही. पण माहिती देणं आणि पाठपुरावा करणं यातला फरक त्यातून दिसतो.

अर्थात फोन म्हणजे डॉक्टर नव्हे. सूज, ताप, नवीन गाठ, धाप यांपैकी काही झालं तर थेट दवाखाना गाठायचा. आणि व्यायाम डॉक्टरांना विचारूनच सुरू करायचा.

आपल्या हॉस्टेलमध्येही कोणाच्या घरी असं माणूस असेल. रविवारी फोन करताना नुसतं "कशी आहेस?" विचारू नका. त्याचं उत्तर "बरी आहे" हेच येतं. मी विचारते, "आत्या, खूण कुठवर आली?"

मागच्या रविवारी ती खिडकीच्या वरच्या चौकटीपर्यंत पोचली होती.