रसनेचे वळण : लहानपणीचा घास आणि मोठेपणीचा मोह

गेल्या कार्तिकात एका गावी कीर्तन आटोपले. मंडळी पाया पडून निघाली, तेव्हा साठीच्या घरातल्या एक माउली नातवाला कडेवर घेऊन मागे थांबल्या. म्हणाल्या, "महाराज, एकादशीला मी पाण्याचा थेंबसुद्धा घेत नाही. चाळीस वर्षं झाली, एक एकादशी चुकली नाही. पण बारस सोडली की लाडवाचा डबा दिसतो, आन् हात काही थांबत न्हाई. डॉक्टर म्हणतो साखर वाढलीय. माझी एवढी एकादशी कुठं गेली मग?"

असे त्या विचारीत होत्या आणि कडेवरचे पोर किरकिर करू लागले. त्यांनी बोलता बोलताच ओट्यातला पेढा काढून त्याच्या तोंडात घातला. पोर गप्प झाले.

त्या माउलींचा प्रश्न आणि त्याचे उत्तर, दोन्ही आम्हाला त्या एका क्षणात दिसले. पण तिथे आम्ही काही बोललो नाही. कारण हाच रोग आमच्याही घरचा आहे. म्हणून आज या पानांवर सर्वांनी मिळून त्याचा विचार करू.

शास्त्र काय म्हणते

श्रीमद्भागवताच्या एकादश स्कंधात अवधूत आणि यदुराजा यांचा संवाद आहे. अवधूताने चोवीस गुरू सांगितले, त्यांत एक गुरू मासा आहे. गळाला लावलेल्या आमिषाच्या चवीने मासा प्राणाला मुकतो, हे पाहून जिभेचा धडा घ्यावा, असे तो सांगतो. पुढे तो एक फार मार्मिक गोष्ट सांगतो. उपास केला की बाकीची इंद्रिये लवकर थकतात, पण जीभ मात्र उपासाने अधिकच बळावते. आणि जोवर जीभ जिंकली नाही, तोवर बाकी सगळी इंद्रिये जिंकली तरी त्या माणसाला जितेंद्रिय म्हणता येत नाही. याच स्कंधावर नाथमहाराजांनी शके १४९५ मध्ये (इ. स. १५७३) काशीक्षेत्री आपला ग्रंथ पुरा केला, हे वारकऱ्यांना सांगायला नको.

गीतेच्या दुसऱ्या अध्यायातही हेच आहे. आहार सोडला म्हणजे विषय दूर होतात, पण आतली गोडी राहते. ती गोडी परतत्त्वाचे दर्शन झाल्यावरच जाते. त्यावर ज्ञानोबामाउली झाडाचा दृष्टान्त देतात. वरवरची पालवी खुडायची आणि मुळाशी पाणी घालीत राहायचे, मग झाड मरणार कसे? शिवाय माउलींनी एक अडचण दाखवून ठेवली आहे. इतर इंद्रियांचे विषय एक वेळ हट्टाने तोडता येतील, पण रसनेचा विषय तसा तोडता येत नाही. कारण त्यावाचून जीवन चालत नाही.

इथेच खरी मेख आहे. दारू सोडायची तर गुत्त्याची वाट सोडता येते. जेवण सोडून कुठे जाणार? मोह रोज दोन वेळा ताटातच येऊन बसतो. तेव्हा रसनेला मारायचे नसून वळण लावायचे आहे. आणि वळण म्हटले म्हणजे लहानपण आले.

वळण केव्हा लागते

मूल जन्मतः गोडाकडे ओढते आणि कडू थुंकून टाकते. हा त्याचा दोष नव्हे, देहाची रचनाच तशी आहे. पण बाकीच्या चवी ते शिकते, आणि हे शिकणे आईच्या पोटातच सुरू होते. अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथील संशोधकांनी २००१ साली असे दाखवले की, गरोदरपणी किंवा अंगावर पाजताना ज्या आयांनी गाजराचा रस घेतला, त्यांच्या मुलांनी पुढे गाजराच्या चवीचे अन्न अधिक आवडीने खाल्ले. गर्भजलातून आणि दुधातून चव पोचते. आपल्या म्हाताऱ्या बायका पोटुशीला सांगत, 'तू खाशील ते त्याला लागेल', त्यात तथ्य होते.

सहा महिन्यांनंतर वरचे अन्न सुरू होते. नवी भाजी मुलाने एकदा थुंकली की आई म्हणते, 'ह्याला आवडत नाही.' पण एकदा थुंकणे म्हणजे नावड नव्हे. तीच भाजी बळजबरी न करता आठ-दहा वेळा, कधी त्याहूनही जास्त वेळा पुढे आली, म्हणजे पुष्कळ मुले ती खाऊ लागतात. आपण तिसऱ्याच दिवशी कंटाळतो आणि साखर-पोळीचा रोल हातात देतो.

साखरेचे पाहा. दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडमध्ये साखरेवर रेशन बसले, ते सप्टेंबर १९५३ मध्ये उठले. रेशन उठण्याच्या आधी आणि नंतर जन्मलेल्यांची पुढच्या आयुष्यातली प्रकृती संशोधकांनी ताडून पाहिली आणि २०२४ साली निष्कर्ष छापला. गर्भात आणि पहिल्या दोन वर्षांत ज्यांना साखर बेताची मिळाली, त्यांना मोठेपणी मधुमेहाचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी आणि रक्तदाबाचा सुमारे २० टक्क्यांनी कमी होता. ते काही व्रत नव्हते, ती टंचाई होती. तरी देहाने तिचे देणे साठ वर्षे सांभाळले. आपल्या देशात २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीप्रमाणे मधुमेहाचे रोगी दहा कोटींच्या वर आहेत. त्यांतले किती माळकरी असतील याचा अंदाज प्रत्येकाने आपल्या दिंडीतल्या औषधांच्या पिशव्या पाहून करावा.

आमचे स्वतःचे

दुसऱ्याला सांगण्याआधी आपले सांगावे. आम्ही लहानपणी रडलो की आजी गुळाचा खडा हातावर ठेवी. पडलो, गूळ. मार खाल्ला, गूळ. बाप परगावी गेला, गूळ. आजीची माया खरीच होती. पण त्या गुळाने आम्हाला एक भलताच धडा शिकवला : जिवाला दुखले की तोंडात गोड घालायचे.

पन्नाशीत आमचे थोरले बंधू गेले. तेराव्याच्या रात्री सगळे निजले, तेव्हा आम्ही स्वयंपाकघरात उरलेल्या बुंदीच्या पातेल्याशी अंधारात बसलो होतो. भूक मुळीच नव्हती. मूठ तोंडात जात होती आणि डोळ्यांतून पाणी वाहत होते. गळ्यात तुळशीची माळ, ओठी नाम, नि हात पातेल्यात! पुढे सहा महिन्यांनी रक्त तपासले, तेव्हा साखर निघाली. त्या दिवशी कळले की, त्या रात्री बुंदी खाणारा पन्नास वर्षांचा कीर्तनकार नव्हता. पाच वर्षांचे पोर आजीला शोधीत होते.

म्हणून मोठेपणी हात डब्याकडे गेला तर आधी स्वतःला विचारावे, 'ही भूक आहे, का दुःख आहे, का नुसते रिकामपण आहे?' भूक असेल तर भाकरी चालेल. भाकरी नको आणि लाडूच हवा असे मन म्हणाले, म्हणजे ती भूक नव्हे.

नामदेवांचा नैवेद्य आणि मिठाईची परीक्षा

लहानग्या नामदेवांची कथा आपण सर्व जण सांगतो. दामाशेटी बाहेरगावी गेले, गोणाईने नैवेद्याचे ताट नामयाच्या हाती दिले. पोर विठ्ठलापुढे हटून बसले की, देवा, तू जेव. आम्ही ही कथा शेकडो वेळा सांगितली, पण एक गोष्ट अलीकडे ध्यानात आली. ताट त्या पोराच्या हातात आहे, घरून निघून वेळ झाला आहे, तरी त्याचे लक्ष ताटात नाही. त्याचे डोळे देवाच्या मुखाकडे आहेत.

अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात १९६० नंतरच्या दशकात वॉल्टर मिशेल नावाच्या मानसशास्त्रज्ञाने बालवाडीच्या मुलांपुढे मिठाई ठेवून पाहिले. आत्ता खाशील तर एक, थांबशील तर दोन. जी मुले मिठाईकडे टक लावून बसली ती लवकर हरली. ज्यांनी तोंड फिरवले, गाणे म्हटले, मन दुसरीकडे गुंतवले ती जास्त वेळ थांबली. म्हणजे दात आवळून मोहाशी झुंजणारा हरतो आणि नजर दुसरीकडे लावणारा तरतो. नामस्मरणाचे एक रहस्य यातही आहे. मोहाशी भांडत बसायचे नाही, मनाला अधिक गोड ठिकाणी नेऊन बसवायचे.

मात्र त्या परीक्षेवरून पुष्कळांनी असे ठरवले की, लहानपणी जो थांबला नाही त्याचे पुढे काही खरे नाही. २०१८ साली अधिक मुले घेऊन पुन्हा पाहणी झाली, तेव्हा घरची परिस्थिती वगैरे जमेस धरल्यावर हा संबंध फारच थोडा उरला. तात्पर्य, लहानपणीचे वळण बळकट असते, पण ते ललाटीची रेघ नव्हे. ज्यांनी चाळिशीत माळ घातली आणि जन्मभराचे मांस-मच्छी सोडले, अशी माणसे प्रत्येक दिंडीत आहेत. सुरुवातीला वास आला की पोटात कालवायचे, असे ते स्वतः सांगतात. त्यांना पंगतीने आणि संगतीने तारले.

शंका आणि समाधान

पहिली शंका : 'प्रसाद नाकारला तर अपराध नाही का?' प्रसाद नाकारू नये. पण प्रसाद कणाने होतो, मणाने नव्हे. बत्ताशाचा कण जिभेवर ठेवावा, बाकीचा कपाळाला लावून शेजारच्याला द्यावा. वारीत गावोगावचे अन्नदाते मोठ्या प्रेमाने जिलबी वाढतात. तिथे हात जोडून 'माउली, दर्शनानेच पावलो' म्हणणाऱ्याचा राग कोणी धरीत नाही. वाढप्यांनीही अशा वेळी आग्रह करू नये. आग्रहाने साखरेच्या रोग्याला वाढणे हे अन्नदान नव्हे.

दुसरी शंका : 'उपासाचे पदार्थ तरी चालतील ना?' वर्षाला चोवीस एकादश्या, अधिक मास असला तर सव्वीस. त्या दिवशी साबुदाण्याची खिचडी, तळलेले बटाटे, दाण्याचे लाडू असा फराळ झाला की 'एकादशी आणि दुप्पट खाशी' ही म्हण खरी होते. साबुदाणा म्हणजे बहुतेक निव्वळ पिठूळ सत्त्व. तो ज्या कंदाचा होतो तो कंद, तसाच बटाटा आणि भुईमूगही, मूळ दक्षिण अमेरिकेतले. माउलींच्या काळी यांपैकी काहीच इकडे नव्हते. तेव्हा खिचडीवाचून एकादशी अडत नाही. आणि उलटही ऐका. ज्यांना साखरेचे इंजेक्शन किंवा गोळ्या चालू आहेत, त्यांनी डॉक्टरला विचारल्यावाचून निर्जळ करू नये. साखर एकाएकी उतरली तर जीव जाऊ शकतो. अशाने खिशात साखरेची पुडी ठेवावी आणि चक्कर, घाम, थरथर आली तर एकादशी असली तरी ती खावी. अति खाणाऱ्याला योग नाही आणि मुळीच न खाणाऱ्यालाही नाही, असे गीतेच्या सहाव्या अध्यायात भगवंतच सांगतात.

तिसरी शंका : 'मग पोरांना गोड बंदच करावे काय?' नव्हे. कुलूप लावलेल्या डब्याची ओढ अधिक वाढते. घरात गोकुळाष्टमीचा काला होऊ द्या. काल्यात काय असते? लाह्या, पोहे, दही, ताक, ज्याच्या शिदोरीत जे असेल ते. बाळगोपाळांना भगवंतांनी काय शिकवले? एकत्र बसावे, सर्वांचे मिसळावे, वाटून खावे. सणाचे गोड सणाला, पंगतीत, सर्वांबरोबर. ते मुलाला बाधत नाही. बाधते ते रडण्यावर उतारा म्हणून दिलेले, अभ्यासाची लाच म्हणून दिलेले. 'भाजी खाल्लीस तर पेढा देईन' असे म्हटले की मूल एवढेच शिकते की भाजी ही शिक्षा आणि पेढा हे बक्षीस.

आचरणाचे नियम

आम्ही स्वतः पाळतो ते पाच नियम सांगतो. पहिला, गोडाचा डबा डोळ्यांसमोर नसावा. दुसरा, ताटावर बसल्यावर नाम घ्यावे आणि पहिला घास सावकाश चावावा. तिसरा, अवेळी मोह झाला तर उठून दोन अभंग म्हणावे किंवा अंगणात फेरी मारावी. चौथा, मूल रडले तर आधी कुशीत घ्यावे, खाऊ नंतर, आणि तोही भूक असेल तरच. पाचवा, चुकलो तर स्वतःला शिव्या न घालता पुढचे जेवण नीट करावे. 'आज बुडालेच आहे तर बुडू दे' असे म्हणणे हाच मोठा मोह आहे.

जागतिक आरोग्य संघटनेने वरून घातलेली साखर दिवसाला शक्यतो २५ ग्रॅमच्या, म्हणजे सहा चहाच्या चमच्यांच्या आत ठेवायला सांगितले आहे. वारीच्या वाटेवर दिवसभरात किती कप चहा होतो, आणि एकेका कपात किती चमचे पडतात, याचा हिशेब ज्याचा त्याने करावा.

असो. त्या माउली माघी वारीत पुन्हा भेटल्या. आम्ही विचारले, "कसं चाललंय?" हसून म्हणाल्या, "महाराज, डबा दिसला की जीव अजून जातोच. पण डबा आता माळ्यावर ठेवलाय, चढायला गुडघे न्हाईत. आन् ह्यो रडला की मांडीवर घेऊन विठ्ठल विठ्ठल म्हणते. पहिल्यांदा लई भोकाड पसरलं. आता मांडीवर आला की आपणच टाळी वाजवतो."

त्यांच्या चाळीस वर्षांच्या एकादश्या कुठे गेल्या, असे त्यांनी विचारले होते. त्या कुठेही गेल्या नाहीत. इतकी वर्षे पालवी खुडली, आता मुळाशी पाणी घालणे थांबले आहे. आणि त्या नातवाला त्याच्या साठीत दुःख झाले, तर त्याचा हात डब्याकडे न जाता टाळीकडे जावा, एवढेच आमचे पांडुरंगाचरणी मागणे आहे.

रामकृष्णहरी.