कारखान्यातला कार्बन कमी करणारे काम आणि त्याचे शिक्षण

कारखान्यातून कार्बन मुख्यतः दोन वाटांनी बाहेर पडतो. बॉयलर, भट्टी किंवा डिझेल जनरेटरमध्ये इंधन जळते, ते थेट उत्सर्जन. वीज वापरली की दूरच्या औष्णिक केंद्रात कोळसा जळतो, ते अप्रत्यक्ष. देशाच्या ग्रिडवरील एका युनिटमागे सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. कच्चा माल आणि वाहतूक यांचा हिशेब वेगळा ठेवतात. म्हणून या कामाची सुरुवात वीजबिल, डिझेलच्या पावत्या आणि रोजच्या उत्पादनाची नोंदवही समोर ठेवून होते.

कोल्हापूरजवळच्या शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीत इंडक्शन भट्टीला एक टन लोखंड वितळवायला साधारण ५५० ते ७०० युनिट लागतात. एवढी तफावत बहुतेक वेळा साध्या कारणांनी पडते. भट्टीचे झाकण उघडे राहते, भंगाराला गंज आणि वाळू चिकटलेली असते, साचे तयार नसल्याने वितळलेले मेटल तापवत थांबावे लागते. टनामागे ५० युनिट वाचले तर ३५ किलो कार्बन डायऑक्साइड वाचतो, आणि त्यासाठी नवी भट्टी घ्यावी लागत नाही.

दाबाखालच्या हवेचे उदाहरण आणखी बोलके आहे. सात बार दाबाच्या लाइनला तीन मिलिमीटरचे भोक पडले, तर ती गळती भरून काढायला कॉम्प्रेसरची तीन ते चार किलोवॅट वीज जाते. वर्षाला ८,००० तास चालणाऱ्या कारखान्यात हे साधारण २८,००० युनिट होतात, म्हणजे जवळजवळ २० टन कार्बन डायऑक्साइड. मशीन चालू असताना गळतीचा आवाज गोंगाटात बुडतो. उत्पादन बंद असताना फक्त कॉम्प्रेसर चालू ठेवून, जोडांवर साबणाचे पाणी लावत फिरले की बुडबुडे जागा दाखवतात. पंप आणि पंख्यांचे गणितही शिकण्यासारखे आहे: वेग २० टक्क्यांनी उतरवला की वीज जवळपास निम्मी लागते, कारण विजेची गरज वेगाच्या घनाप्रमाणे बदलते. छपरावरचे सोलर पॅनेल या सगळ्यानंतर यावे. गळक्या कारखान्याला सौर वीज पुरवणे हा महागडा उपाय आहे.

कंपन्या हे करतात ते खर्चापोटी, आणि कायद्यापोटीही. ऊर्जा संवर्धन कायदा २००१ चा आहे. त्याखाली मोठ्या ऊर्जाग्राहक उद्योगांना प्रमाणित ऊर्जा व्यवस्थापक नेमावा लागतो. २०२२ च्या दुरुस्तीने कार्बन क्रेडिट व्यापाराला आधार मिळाला. युरोपीय संघ ऑक्टोबर २०२३ पासून आयात होणाऱ्या पोलाद, ॲल्युमिनियम, सिमेंट अशा मालाच्या उत्सर्जनाचा हिशेब मागतो आहे. महिंद्रा अँड महिंद्राने तर २०१६ मध्येच टनामागे १० डॉलर अशी स्वतःपुरती कार्बनची किंमत ठरवली.

या क्षेत्रात येण्यासाठी ‘सस्टेनेबिलिटी’ नावाची महागडी पदवी घ्यावीच लागते, हा पालकांचा समज चुकीचा आहे. कर्ज काढण्याआधी नेहमीच्या वाटा पाहाव्यात. इलेक्ट्रिकल किंवा मेकॅनिकलचा डिप्लोमा अथवा पदवी हा उत्तम पाया आहे. आयटीआयचा इलेक्ट्रिशियन किंवा फिटर मेंटेनन्स विभागातून आत येतो आणि नोकरी सांभाळून डिप्लोमा करू शकतो. पुढे ब्युरो ऑफ एनर्जी एफिशियन्सीची राष्ट्रीय परीक्षा असते. ऊर्जा व्यवस्थापकासाठी तीन पेपर, ऊर्जा लेखापरीक्षकासाठी चौथा जास्तीचा. परीक्षेला बसण्यासाठी अभियांत्रिकी पदवीनंतर तीन वर्षांचा आणि डिप्लोमानंतर सहा वर्षांचा संबंधित अनुभव लागतो. त्यामुळे बारावीनंतर लगेच हे प्रमाणपत्र मिळवून देण्याचे आश्वासन कोणी देत असेल, तर पालकांनी पैसे भरू नयेत.

वाणिज्य शाखेलाही जागा आहे. शेअर बाजाराची नियामक संस्था असलेल्या सेबीच्या नियमानुसार बाजारमूल्याने पहिल्या १,००० सूचिबद्ध कंपन्यांना २०२२-२३ पासून ऊर्जा आणि उत्सर्जनाची माहिती वार्षिक अहवालात द्यावी लागते. ते आकडे जमवायला आणि तपासायला हिशेबात पक्की माणसे लागतात.

पहिली काही वर्षे पाळीची ड्यूटी, बॉयलर हाउसचा उकाडा आणि मीटरची रीडिंग घेणे यांतच जातात. ज्या मुलीला वा मुलाला घरचे वीजबिल उलगडून युनिट आणि दर वेगळे काढण्यात गोडी वाटते, त्यांना हे काम जड जात नाही. अनुभवाचे प्रत्येक पत्र, त्यावरील तारीख आणि कामाचे स्वरूप जपून ठेवावे. परीक्षेच्या अर्जाच्या वेळी तेच मागितले जाते.