एचपीव्हीचा रिपोर्ट हाती आल्यावर

चितेगावहून थेट लेस्टर किंवा मेलबर्नला आलेल्या पंचविशीपुढच्या सुनेला (लेस्टरला डॉक्टरांकडे, मेलबर्नला मेडिकेअर या सरकारी आरोग्य विम्यात) नाव नोंदवलं की आज ना उद्या गर्भाशयमुखाच्या तपासणीचं पत्र येतं. ‘मला काहीच त्रास नाही’ म्हणून ते बाजूला ठेवू नका, हे इथे रुळलेल्या घरांचं पहिलं सांगणं. ही तपासणी त्रास नसतानाच करायची असते. अंगावरून जाणं किंवा संबंधानंतर रक्त दिसणं सुरू झालं असेल, तर पत्राची वाट न पाहता डॉक्टरांना गाठावं. ही तपासणी परक्या देशाचं खूळही नव्हे. तिच्या बाजूचा एक भक्कम पुरावा आपल्या मराठवाड्यातलाच आहे. तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात 1999 पासून टाटा मेमोरियल, बार्शीचं नर्गिस दत्त रुग्णालय आणि लिऑनची कर्करोग संशोधन संस्था यांनी 30 ते 59 वयाच्या सुमारे 1 लाख 31 हजार बायकांचा अभ्यास केला. या बायकांचे गट पाडले होते, आणि ते साधारण सारखेच मोठे होते. आठ वर्षांत, तपासणीची मोहीम न झालेल्या गटात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने 64 जणी गेल्या. एकदाच एचपीव्ही, म्हणजे या कर्करोगाला कारणीभूत विषाणूची, तपासणी देऊ केलेल्या गटात 34. ज्यांची तपासणी झाली नाही त्यांचं काय, हा प्रश्न नंतर विचारला गेला आणि तो रास्तच होता. पण त्या बायकांमुळे मिळालेला पुरावा आज जगभर वापरला जातो.

‘पाच वर्षांनीच बोलावतात, म्हणजे पैसे वाचवतात’ अशी शंका घेतली जाते. पण त्याच अभ्यासात एचपीव्ही निगेटिव्ह आलेल्यांमध्ये पुढे कर्करोगाचं प्रमाण पॅप (पेशींची जुनी तपासणी) निगेटिव्ह आलेल्यांच्या जेमतेम चौथाई होतं. विषाणू नसेल तर रोगाला सहसा मूळच नाही, आणि असला तरी संसर्गापासून कर्करोगापर्यंत बहुधा दहा-वीस वर्षं जातात. म्हणून पाच वर्षांचं अंतर चालतं. एचपीव्हीची लस घेतली असली तरी पत्र टाळू नये. लस सगळ्या घातक प्रकारांना अडवत नाही.

खरी घालमेल होते ती पॉझिटिव्ह आल्यावर. पॉझिटिव्ह म्हणजे विषाणू सापडला, कर्करोग नव्हे. बहुतेकींच्या शरीरातून तो दोनेक वर्षांत आपोआप जातो. इंग्लंडमध्ये त्याच नमुन्यातल्या पेशी पाहतात. त्या ठीक असतील तर वर्षाने पुन्हा तपासणी, बदललेल्या असतील तर कॉल्पोस्कोपी, म्हणजे दुर्बिणीतून गर्भाशयमुख पाहणं. ऑस्ट्रेलियात विषाणूचा 16 किंवा 18 हा प्रकार निघाला तर थेट कॉल्पोस्कोपीलाच पाठवतात. ‘आमच्या घरात असलं काही नसतं’ असं म्हणत कुणी नवऱ्यावर, कुणी बायकोवर संशय घेतं, आणि तो घोर अन्याय आहे. हा विषाणू वर्षानुवर्षं गप्प राहू शकतो. कधी आला, कोणाकडून आला, हे या रिपोर्टवरून कोणीही सांगू शकत नाही. घाईचा सल्ला गावाकडून फोनवर येतो: ‘पिशवीच काढून टाक.’ नुसत्या पॉझिटिव्ह रिपोर्टवर गर्भाशय काढण्याचं काहीच कारण नाही. पेशी बिघडल्या असतील तर तेवढाच भाग जाळून वा कापून काढता येतो, आणि पुढे मूलही होऊ शकतं.

तपासताना लाज किंवा भीती वाटत असेल तर ‘बाईच हवी’ असं वेळ घेतानाच सांगावं; अशी मागणी इथे नेहमीचीच आहे. ऑस्ट्रेलियात 2022 पासून स्वतःच नमुना घेण्याची सोयही सर्वांना आहे. सुट्टीत संभाजीनगरला तपासणी केलीत, तर ती एचपीव्हीची होती की पॅपची हे विचारून कागद जपून आणा. पाहुण्या म्हणून आलेल्या आई-सासूबाईंना मात्र इथलं पत्र येणार नाही. त्यांची तपासणी निघण्याआधी तिकडेच करून घ्यावी.