मदतीच्या मालाचा हिशोब

शाळेत असताना आपण सगळ्यांनी ध्वजदिनाचे कागदी झेंडे घेतलेले आहेत. आमच्या कॉन्व्हेंटमध्ये झेंडे संपले की टी.बी.ची तिकिटं यायची. सिस्टर प्रत्येकीच्या हातात एक पान ठेवायच्या, आणि ते घरी, शेजारीपाजारी खपवून पैसे आणायचे. दिसायला पोस्टाच्या तिकिटासारखं, पण पत्रावर लावून पत्र काही जात नाही. असली वस्तू लोक घेतात तरी कशाला, हा प्रश्न मला तेव्हा पडायचा. आता इंडस्ट्रियल मॅनेजमेंटचा पेपर दिल्यावर कळतंय, की वस्तू विकून मदत उभी करायच्या जेवढ्या युक्त्या आजवर निघाल्या त्यात मशीन म्हणून हे तिकीट सगळ्यात भारी आहे.

ही युक्ती काढली डेन्मार्कमधल्या पोस्टाच्या एका माणसाने. त्याचं नाव आयनार होल्बॉल. नाताळात पत्रांचे ढीग हाताळताना त्याला वाटलं, की प्रत्येक पत्रावर लोकांनी एक जादा तिकीट लावलं तर क्षयाने आजारी असलेल्या मुलांसाठी केवढा पैसा जमेल! १९०४ च्या नाताळात पहिलं तिकीट निघालं आणि पहिल्याच वर्षी चाळीस लाखांहून जास्त खपलं. आपल्याकडे टी.बी. असोसिएशनने १९५० पासून ही मोहीम सुरू केली.

आपण एफिशियन्सी म्हणतो ती काय? आउटपुट भागिले इनपुट. इथे इनपुट म्हणजे गिऱ्हाइकाने दिलेले पैसे आणि आउटपुट म्हणजे त्यातले गरजू माणसापर्यंत पोचलेले पैसे. तिकिटाचा कागद इवलासा, छपाई लाखांत, विकणारे फुकट (म्हणजे आम्ही), गोडाऊन म्हणजे शाळेचं एक कपाट. लॉस जवळजवळ नाहीच.

तिकिटानंतर कार्डं आली. युनिसेफचं पहिलं कार्ड १९४९ चं. चेकोस्लोव्हाकियातल्या यित्का या सात वर्षांच्या मुलीने महायुद्धानंतर मिळालेल्या मदतीबद्दल आभार म्हणून चित्र काढून पाठवलं होतं, त्याचंच कार्ड केलं. आपल्या महाराष्ट्रातलं उदाहरण म्हणजे 'क्राय'. १९७९ मध्ये मुंबईत रिपन कपूर या विमानात पर्सरची नोकरी करणाऱ्या तरुणाने सहा मित्रांना घेऊन, ५० रुपये भांडवलावर, आईच्या डायनिंग टेबलावर ही संस्था सुरू केली. तेव्हा नाव 'चाइल्ड रिलीफ अँड यू' होतं, पुढे 'रिलीफ'च्या जागी 'राइट्स' आलं. त्यांची ग्रीटिंग कार्डं आपल्या आईबाबांच्या पिढीने दिवाळीला, न्यू इयरला भरपूर पाठवली. आमच्या घरी कपाटात अजून दोन-तीन आहेत. कार्डात तिकिटापेक्षा खर्च जास्त आणि एक मोठी भानगड आहे. दिवाळी झाली की उरलेलं दिवाळीचं कार्ड म्हणजे रद्दी. पुढे मोबाईल आला आणि कार्ड पाठवायची सवयच सुटली.

आता आपल्या आवडीच्या विषयावर येते. टी-शर्ट! कुठल्याही गॅदरिंगला 'फॉर अ कॉज' टी-शर्ट काढायची टूम निघतेच. हिशोब करून बघा. आकडे मी उदाहरणादाखल धरलेत, पण कुठल्याही प्रिंटिंगवाल्याला विचारा, फार फरक निघणार नाही. १०० टी-शर्ट, छापून प्रत्येकी १८० रुपये, म्हणजे १८,००० रुपये. बॅनर, पोस्टर, टेम्पो मिळून २,०००. एकूण खर्च २०,०००. विकायचा भाव २५०. सगळे १०० खपले तर २५,००० येणार, ५,००० उरणार, एफिशियन्सी २० टक्के. ९० खपले तर उरणार २,५००, म्हणजे ११ टक्के. ८० खपले तर? शून्य. ब्रेक-इव्हन पॉइंट नेमका ८० वर आहे. ऐंशी जणांनी प्रत्येकी अडीचशे रुपये 'गरिबांसाठी' दिले, छाती फुगवून टी-शर्ट घातला, आणि गरिबाला एक दमडी मिळाली नाही. शिवाय उरलेले वीस टी-शर्ट कोणाच्या तरी कॉटखाली. त्यापेक्षा डबा फिरवून प्रत्येकी वीस रुपये गोळा केले असते तर १,६०० रुपये सरळ हातात आले असते.

हे फक्त आपल्यासारख्या पोरापोरींचं होतं असं नाही. २००६ मध्ये आयरिश गायक बोनो आणि बॉबी श्रायव्हर यांनी 'रेड' नावाची मोहीम काढली. मोठ्या कंपन्यांनी लाल रंगाचे फोन, कपडे, बूट काढायचे आणि नफ्यातला वाटा आफ्रिकेतल्या एड्सच्या कामासाठी ग्लोबल फंडाला द्यायचा. वर्षभरातच 'ॲडव्हर्टायझिंग एज' या अमेरिकन साप्ताहिकाने अंदाज छापला, की जाहिरातीवर १० कोटी डॉलर्सपर्यंत खर्च झाला आणि फंडाला गेले १ कोटी ८० लाख. मोहिमेच्या लोकांना हा आकडा मान्य नव्हता. जाहिरात कंपन्या तशीही करतातच, असंही म्हणता येतं. आणि पुढच्या वर्षांत 'रेड'ने फंडाला कोट्यवधी डॉलर्स दिले हेही खरं. पण प्रश्न तोच राहतो. शंभरातले किती पोचले?

इथपर्यंत वाचून तुम्ही म्हणाल, मग वस्तू विकायच्या कशाला, डबाच फिरवूया. थांबा. हॉस्टेलवर चोरून वापरली जाणारी एक वस्तू आठवा. वॉटर हीटरचा रॉड. (रेक्टर सर, हे फक्त उदाहरण आहे.) मोटरमध्ये वायर तापली तर तो लॉस. रॉडमध्ये कॉइल तापणं हेच आउटपुट. करंट तोच, उष्णता तीच, पण एका ठिकाणी ती वाया जाते आणि दुसऱ्या ठिकाणी तिच्यासाठीच सगळा खटाटोप असतो.

मदतीच्या मालाचंही तसंच आहे. माल कोणीतरी तिसऱ्याच फॅक्टरीत बनवला आणि नफा गरिबाला दिला, तर बनवायचा खर्च हा लॉस. पण माल ज्याला मदत करायची त्यानेच बनवला, तर 'खर्च' म्हणून लिहिलेल्या आकड्यातली मजुरी हीच मदत. नफा शून्य आला तरी ती त्याच्या घरी पोचलेली असते.

बाबा आमटेंनी १९४९ मध्ये वरोऱ्याजवळ आनंदवन उभं केलं त्याचं मर्म मला यात दिसतं. कुष्ठरोगी म्हणजे भीक मागणारा, हे समाजाने ठरवून टाकलेलं. त्यांनी खडकाळ जमिनीत विहीर खोदली, भाजी पिकवली. पण भाजी घेणार कोण? कुष्ठरोग्याच्या हातची म्हणून गावातले लोक घेईनात. बाहेरच्या देशांतून श्रमदानाला आलेले तरुण तीच भाजी खाताना दिसले, तेव्हा ती भीती हळूहळू मोडली. पुढे हातमाग आले, लोखंडी आणि लाकडी काम आलं, कापडाच्या तुकड्यांची ग्रीटिंग कार्डंही आली. इथे गिऱ्हाईक पैसे देतो त्यापेक्षा माल घरात नेतो हेच मोठं. डब्यात पैसे टाकणारा चार हात लांबून टाकू शकतो, भाजी घेणाऱ्याला मात्र ती शिजवून खावी लागते.

आपल्या नगरलाही याचा जुना इतिहास आहे. (जिल्ह्याचं नाव २०२४ मध्ये अहिल्यानगर झालं, पण एस.टी.त बसल्यावर आपण अजून 'एक नगर द्या'च म्हणतो.) १८९९-१९०० च्या मोठ्या दुष्काळात अनाथ झालेल्या शेकडो मुलांना इथल्या अमेरिकन मराठी मिशनने सांभाळलं आणि सुतारकाम, विणकाम शिकवायला सुरुवात केली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला याच मिशनमध्ये डी. सी. चर्चिल नावाचा इंजिनिअर आला. इंग्लंडच्या पंतप्रधानाशी त्याचा संबंध नाही. तो अमेरिकन. नगरमध्ये विणकरांची मोठी वस्ती होती, आणि गिरणीच्या कापडापुढे हातमाग मार खात होता. चर्चिलने नगरलाच बसून सुधारलेला हातमाग तयार केला. तो 'चर्चिल लूम' म्हणून ओळखला गेला. विणकर एका दिवसात जास्त कापड विणेल तर त्याची त्या दिवसाची कमाई वाढेल, इतकं साधं त्यामागचं गणित. आमच्या टेक्सटाइलच्या मित्रांनाही हे नाव माहीत नव्हतं, म्हणून मुद्दाम लिहिते.

पण याच उदाहरणात एक काटा आहे. ती अनाथ मुलं होती. हाताला काम शिकवलं म्हणून ती पुढे जगली हे खरं, तरी आज कोणी दहा वर्षांच्या मुलाला गालिचा विणायला बसवलं तर आपण त्याला बालमजुरीच म्हणू, आणि ते बरोबरच आहे. म्हणजे 'गरिबालाच बनवू द्या' हा नियम सगळीकडे चालत नाही. मुलाने शाळेत जायचं. आजारी माणसाने औषध घ्यायचं. नगरमध्ये १९८९ पासून वेश्यावस्तीतल्या बायका आणि त्यांच्या मुलांसाठी स्नेहालय काम करतंय, तिथल्या एच.आय.व्ही. झालेल्या लहान मुलाला तुम्ही काय बनवायला सांगणार? अशा ठिकाणी कार्ड, तिकीट, डबा हेच मार्ग, आणि तिथे पहिल्या पद्धतीने एफिशियन्सी मोजायची. 'क्राय'ने मुलांकडून काही बनवून घेतलं नाही, मोठ्या माणसांना कार्डं विकली, ते याचसाठी योग्य होतं. आधी मदत कोणाला करायची ते ठरवा, त्यावरून विकायचं काय ते ठरेल. आपण नेहमी उलटं करतो. आधी टी-शर्टचं डिझाईन, मग 'कॉज' शोधायचा!

मोठ्या माणसाला, हातपाय धड असलेल्या पण काम नसलेल्या बाईला मदत करायची असेल तर काय? आपल्या आजूबाजूला प्रत्येक गावात महिला बचत गट आहेत. टी-शर्टऐवजी कापडी पिशव्या धरून बघूया. हेही आकडे धरलेलेच. गटाकडून १०० पिशव्या ६० रुपयांनी घेतल्या, ६,००० रुपये. त्या साठात कापड, दोरा वगैरे ३० आणि शिलाईची मजुरी ३०. आपण ८० ला विकल्या. पोस्टर आपणच रंगवलं, टेम्पो नाही, मोटारसायकलवर दोन गाठोडी आली. प्रत्येक ८० रुपयांत मजुरी ३० आणि शिल्लक २०, म्हणजे ५० रुपये पोचले, साडेबासष्ट टक्के. ८० च पिशव्या खपल्या तर आपल्याकडे ६,४०० येतील, वर फक्त ४०० उरतील. पण बायकांची ३,००० रुपये मजुरी आधीच त्यांच्या हातात गेलेली असेल. टी-शर्टचा ८० चा आकडा आठवा आणि हा बघा.

मात्र हे सगळं गणित 'आधीच' या एका शब्दावर उभं आहे. बाजारात 'जांगड' म्हणून पद्धत असते. माल ठेवून जा, खपला तर पैसे, नाही खपला तर परत घेऊन जा. दुकानदाराला सोयीची. पण यात न खपण्याची सगळी रिस्क सगळ्यात गरीब पार्टीच्या डोक्यावर बसते. एका गटाच्या ताईंनी मला सांगितलं, की एका दुकानाने त्यांचे पापड तीन महिन्यांनी परत दिले, अर्धे मोडलेले, आणि वर 'पुढच्या वेळी पॅकिंग चांगलं करा' असा सल्ला. कापडाचे पैसे त्यांनी गटाच्या कर्जातून भरले तसे पापडाच्या डाळीचेही भरलेले असतात, व्याज सुरूच. म्हणून जगभरच्या फेअर ट्रेडवाल्यांनी नियम केला आहे, की हस्तकलेच्या मालाची ऑर्डर देताना कारागिराने मागितलं तर निम्मे पैसे बिनव्याजी आगाऊ द्यायचे.

आपल्या हिशोबात ते ३,००० रुपये होतात. तीस जणांनी आधी शंभर-शंभर काढले की झालं, विक्रीनंतर परत मिळतील. मापं, रंग आणि बंद किती लांब हवा हे मात्र ऑर्डर देतानाच लिहून द्या, आणि आधी एक नमुन्याची पिशवी शिवून घ्या. ड्रॉइंग बोर्ड मावेल एवढी नको, लॅबचं जर्नल आणि डबा मावला की पुरे.